सिबिल ‘मायनस वन’: घराच्या कर्जाआधीचं दीड वर्ष



घराच्या कर्जावरच्या व्हिडिओत हा मुद्दा दोन मिनिटांत उरकला होता. त्यावर एकच प्रश्न परत परत आला: “सर, मी आयुष्यात कर्जच घेतलं नाही, मग माझं सिबिल खराब कसं?” म्हणून आज जरा सविस्तर.

आमच्या बॅचमध्ये एक हार्डवेअरवाले दादा आहेत. अकरा वर्षांचं दुकान. भिशीचा हप्ता कधी चुकला नाही, होलसेलवाला पंचेचाळीस दिवसांची उधारी डोळे झाकून देतो, पतसंस्थेचं दोन लाखांचं कर्ज मुदतीआधी फेडलेलं. फ्लॅट आवडला, ५१ हजार टोकन देऊन टाकलं आणि मग बँकेत गेले. साहेबांनी पॅन टाकला आणि म्हणाले, “तुमचं सिबिल मायनस वन आहे.” दादांना वाटलं, आपल्याला चोर ठरवलं.

तसं नसतं. सिबिल स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. मायनस वन, किंवा काही रिपोर्टमध्ये ‘एनएच’, याचा अर्थ एवढाच की तुमच्याबद्दल आमच्याकडे नोंदच नाही. खराब वेगळं आणि कोरं वेगळं. दादांची भिशी, होलसेलवाल्याची उधारी यातलं काहीच क्रेडिट ब्युरोकडे जात नाही. बऱ्याच पतसंस्थांच्या कर्जाचीही नोंद तिथे होत नाही. म्हणजे माणूस अकरा वर्षं चोख वागला, पण जिथे बँक बघते तिथे त्यातलं काही लिहिलेलंच नाही.

आता नियम काय म्हणतो? रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत आहे की पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नये. हे माहीत असू द्या, बँकेत नम्रपणे सांगाही. पण नाकारलं नाही म्हणजे हवं तेवढं आणि हव्या त्या दराने मिळालं, असं होत नाही. वीस वर्षांच्या कर्जात अर्धा टक्का जास्त दर म्हणजे काय, ते तुम्ही दुकानदार आहात, तुम्हाला सांगायला नको. म्हणून घर बघायला निघण्याआधी दीड वर्ष हातात ठेवा.

पहिलं पाऊल: ज्या बँकेत खातं आहे तिथे २५ हजारांची एफडी करा आणि त्या एफडीवर क्रेडिट कार्ड मागा. हे कार्ड सहसा उत्पन्नाचे कागद न बघता मिळतं, कारण पैसे त्यांच्याकडेच अडकलेले असतात. मर्यादा साधारण एफडीच्या ७५ ते ९० टक्के, म्हणजे वीस हजारांच्या आसपास. एफडीचं व्याज चालूच राहतं. या कार्डावर फक्त पेट्रोल आणि लाईट बिल टाका, महिन्याला चार-पाच हजार. मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत राहायचं हा साधा अंदाज धरा. दुकानाचा माल या कार्डावर भरू नका. एका महिन्यात मर्यादा संपते आणि रिपोर्टमध्ये ‘हा माणूस पैशाला आलाय’ असं चित्र दिसतं.

आणि हे नीट वाचा. बिलावर दोन आकडे असतात: एकूण देय आणि किमान देय. किमान देय भरलं की हप्ता चुकला असं धरत नाहीत, पण उरलेल्या रकमेवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागतं. गल्ल्यात रोख असते, खात्यात नसते, म्हणून आपली माणसं इथे फसतात. एकूण देय रकमेचं ऑटो-पे लावा आणि त्या तारखेच्या आधी खात्यात पैसे टाकून ठेवा.

साधारण सहा महिन्यांनी स्कोअर दिसायला लागतो. मग दुसरं पाऊल: एक छोटं हप्त्याचं कर्ज. पण गरज असेल तरच, हं. दुकानाला वजनकाटा किंवा कटिंग मशीन घ्यायचंच आहे, तर ते रोखीने घेण्याऐवजी मुद्रा योजनेत मागा. ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत तारण लागत नाही. मालकीचं दुकान असेल तर कर्ज तुमच्याच पॅनवर दिसतं. बारा हप्ते, बारा वेळेवर. स्कोअरसाठी म्हणून उगाच कर्ज काढून व्याज भरणं मला पटत नाही. मशीनची गरज नसेल तर नुसतं कार्ड चालवा, इतिहास त्यानेही तयार होतो.

या काळात दहा ठिकाणी कर्जाची चौकशी करू नका. प्रत्येक अर्जाची नोंद होते. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने मात्र स्कोअर कमी होत नाही. देशात चार ब्युरो आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकाने वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. दर तीन महिन्यांनी एकेकाकडून काढा, वर्षभर नजर राहते. चूक दिसली तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाली काढली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. ‘सिबिल सुधारून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला एक रुपया देऊ नका.

मेहुण्याच्या गाडीला जामीन राहिला असाल तर ते कर्जही तुमच्या रिपोर्टमध्ये दिसतं. वहिनी सहअर्जदार होणार असतील तर त्यांचाही रिपोर्ट काढा.

आता खरी अडचण. स्कोअर आला तरी कर्ज किती मिळणार हे रिटर्न ठरवतं, आणि तिथे आपण स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतो. दादांची उलाढाल २४ लाख, रिटर्नमध्ये नफा ८ टक्के, म्हणजे १ लाख ९२ हजार. महिन्याला १६ हजार. बँकेने त्यातला निम्मा हप्त्यासाठी धरला तर ८ हजार. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी लाखाला हप्ता साधारण ८६८ रुपये, म्हणजे कर्ज ९ लाखांच्या आसपास. प्रत्यक्षात दादांना महिन्याला ४० हजार सुटतात. तेच दाखवले असते तर हाच हिशोब २३ लाखांवर गेला असता. आठ टक्के ही किमान रेषा आहे, त्याहून जास्त नफा दाखवायला कोणी अडवत नाही. आणि २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या धंद्याच्या उत्पन्नावर कर शून्य आहे. मग लपवून वाचवलं काय? बँका दोन-तीन वर्षांची रिटर्न मागतात, त्यामुळे हे काम कार्डाच्याही आधी सुरू करा, सीएला विचारून. गल्ल्यातली रोख नियमित खात्यात भरा, म्हणजे रिटर्न आणि पासबुक एकच बोलतील.

पतसंस्थेचं कर्ज फेडल्याचा दाखला आणि खातेउतारा मात्र जपून ठेवा. त्याने स्कोअर बनत नाही, पण फाईल वाचणाऱ्या साहेबांना माणूस कळतो.

दादांचं टोकन निम्मंच परत मिळालं. कार्ड घेऊन आठ महिने झालेत, मायनस वन जाऊन तीन आकडी स्कोअर आलाय. दुसरं रिटर्न भरलं की परत फ्लॅट बघायला निघणार आहेत. या वेळी बँकेचं मंजुरीपत्र हातात आल्याशिवाय टोकन द्यायचं नाही, असं वहिनींनी बजावून ठेवलंय.