आधी पाळणा बघावा, मग त्यात बसावं

मी माजलगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. सरांना यंत्रातलं कळतं असा गावाचा समज आहे. त्यामुळं जत्रेत पाळणा उभा राहिला की कुणी ना कुणी गाठून विचारतंच, "सर, बसवू का पोराला ह्यच्यात?" आजवर उभ्याउभ्या जी उत्तरं दिली, ती इथं सवडीनं लिहितो.

१. आमच्या निम्म्या वर्गाचं थीम पार्क म्हणजे जत्रा

शाळांच्या सहली निघतात डिसेंबर-जानेवारीत. एसटी सहलीला भाड्यात सवलत देते, पोरं महिनाभर आधीपासून बॅगा भरतात आणि खोपोलीजवळच्या इमॅजिकाचं नाव निघालं तर वर्गात दुसरं काही शिकवता येत नाही. हे पार्क २०१३ च्या एप्रिलमध्ये सुरू झालं, २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहानं ते घेतलं. तिथं कोणती नवी राइड आली, कोणती बंद आहे, याच्या खबरा आमच्या आठवीच्या पोरांना माझ्याआधी कळतात.

पण माजलगाव, धारूर, वडवणी, केज या पट्ट्यातली कितीतरी पोरं नेमकी त्या दिवसांत वर्गात नसतात. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या उचलतात. आईबाप पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडावर जातात आणि पोरं त्यांच्याबरोबर जातात किंवा गावातल्या हंगामी वसतिगृहात राहतात. सहलीच्या यादीत त्यांची नावं येत नाहीत. टोळ्या परततात पाडव्याच्या सुमारास आणि त्याच वेळी गावोगावच्या जत्रा लागतात. उचल फिटून हातात चार पैसे उरले असतील, तर त्यातले काही पाळण्याच्या तिकिटावर जातात. या पोरांना रोलर कोस्टर म्हणा, भूतबंगला म्हणा, जे काही मिळतं ते जत्रेतच. म्हणून जत्रेतल्या पाळण्याकडं "चालतंय की" म्हणून बघणं मला पटत नाही. खोपोलीच्या पार्कात पट्टा तीनदा ओढून बघतात, मग आमच्याकडं एकदा तरी बघायला काय हरकत आहे?

२. काही जत्रांची वाट तीन वर्षं बघावी लागते

गोदाकाठचं पुरुषोत्तमपुरी आमच्याच तालुक्यातलं. यादव राजा रामचंद्राचा शके १२३२ चा, म्हणजे इसवी सन १३१० चा ताम्रपट या गावचा आहे. पण लोक इथं लोटतात ते अधिक महिन्यात, पुरुषोत्तमाच्या दर्शनाला. गोदावरीचं स्नान, धोंड्याचं जेवण, तेहतीस अनारशांचं वाण आणि मानपानासाठी आणलेला जावई! जावईबापूंना पाळण्यात बसवून खाली मेहुण्यांनी खदाखदा हसणं, हा त्या वाणाचाच भाग असावा असं मला बरेचदा वाटतं.

अधिक महिना साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो आणि दरवेळी दुसऱ्याच ऋतूत येतो. २०१८ ला ज्येष्ठ होता, ऐन उन्हाळा. २०२० चा अधिक आश्विन टाळेबंदीत गेला, राज्यातली मंदिरंच बंद होती. २०२३ ला श्रावण आला. २०२६ चा पुन्हा ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून. पार्कवाल्यांचा हंगाम ठरलेला असतो, आमचा पंचांग ठरवतं. म्हणून पाळण्याबाबतची काळजीही दरवेळी वेगळी घ्यावी लागते. ज्येष्ठात दुपारी लोखंडी बैठक चटके देते आणि संध्याकाळी वळवाचं वादळ अचानक उठतं. आभाळ भरून आलं, वारं सुटलं की तिकिटाचे पैसे सोडून द्यावेत आणि खाली उभं राहावं.

३. वर बघण्याआधी खाली बघावं

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा विस्तारानं सांगतो. शहरातल्या पार्कात राइडचा पाया काँक्रीटचा असतो. जत्रेतला पाळणा उभा असतो लाकडी ठोकळ्यांवर आणि ते ठोकळे आमच्या काळ्या मातीवर. ही माती उन्हात भेगाळते आणि पाणी प्यायली की फुगते, मऊ होते. घर बांधताना आपण मुरूम लागेपर्यंत खणतो ते यासाठीच. मग पन्नासेक माणसं घेऊन गरगर फिरणारं लोखंड एका रात्रीत वावरात उभं करताना मुरूम कुणी बघायचा?

श्रावणातल्या एका जत्रेत रात्री पाऊस झाला आणि सकाळी मी मुद्दाम पाळण्याभोवती चक्कर मारली. तीन पायांखालचे ठोकळे कोरडे, वर उठून दिसत होते. चौथा ठोकळा मात्र चार बोटं मातीत गेलेला आणि त्याच्या कडेनं पाणी साचलेलं. पाळण्याचा मिस्त्री उत्तर प्रदेशातला होता. मी काही बोलायच्या आत त्यानं ओळंबा लावला, जॅकनं पाय उचलला, खाली खडी भरून दुसरा ठोकळा सरकवला. दुपारी दोनपर्यंत पाळणा बंद ठेवला आणि तिकिटवाल्याच्या शिव्या खाल्ल्या. असा मिस्त्री दिसला की मी पोरांना बिनघोर बसू देतो. रात्री पाऊस पडूनही सकाळी सात वाजता पाळणा चालूच असेल, तर पुढं जाऊन रसवंतीवर बसावं.

४. लॉकपिन हातानं बघावी

बैठकीसमोरचा दांडा आडवा पडतो आणि त्याच्या भोकात लॉकपिन बसते. ती आहे का, हे डोळ्यांनी बघून भागत नाही, बोटानं हलवून बघावी. पिनेच्या जागी वाकवलेला खिळा किंवा बाइंडिंगची तार दिसली, तर त्या पाळण्यात बसायचं नाही आणि ते मोठ्यानं सांगायचं. लाज वाटायचं कारण नाही. रांगेतली बाकीची माणसंही मग वाकून बघायला लागतात.

मुलींच्या वेण्या वर बांधाव्यात, ओढणी आणि पदर खोचून घ्यावेत. केस आसात अडकून झालेले अपघात आपण पेपरात वाचतोच.

५. पाळणेवाला माणसं कशी भरतो, त्यावरून त्याची परीक्षा करावी

कसलेला पाळणेवाला एक डोली भरली की पाळणा अर्धा फिरवतो आणि समोरची भरतो. मग पुन्हा अर्धा. दोन्ही बाजूंचं वजन सारखं राहिलं की इंजिनावर आणि ब्रेकवर ताण येत नाही. गर्दी दिसली म्हणून एकाच बाजूच्या लागोपाठ चार डोल्या भरणारा घाईत आहे असं समजावं. आणि क्लचच्या दांड्यावर चौदा-पंधरा वर्षांचं पोरगं बसलेलं असेल, तर तो पाळणा कितीही रंगवलेला असो, मला चालत नाही. ते पोरगं माझ्या वर्गात बसायच्या वयाचं आहे.

६. पोटात गोळा का येतो, हे सांगितल्यानं मजा कमी होत नाही

आठ मीटर त्रिज्येचा पाळणा आठ सेकंदांत एक फेरी मारत असेल, तर अगदी वर आल्यावर आपलं वजन निम्म्यावर आल्यासारखं वाटतं. आकडेमोड फळ्यावर करून दाखवतो. लंडन आय हा १३५ मीटर उंचीचा पाळणा एका फेरीला अर्धा तास घेतो. त्यात देखावा दिसत असेल, पोटात गोळा येत नाही. या बाबतीत आमची जत्रा सरस!

इमॅजिकातली नायट्रो ही रोलर कोस्टर चाळीसेक मीटर उंचीची. तेवढ्या उंचीवरून पडणाऱ्या वस्तूचा खाली पोचतानाचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या आसपास निघतो, पार्कवाले १०५ सांगतात. माथ्यावर साखळीनं एकदा नेऊन सोडलं की पुढं गाडीला इंजिन नाही, हे ऐकून पोरं जास्त घाबरतात. मग दुसऱ्यांदा बसतात.

७. भूतबंगल्यात शिरताना बाहेरची वाट विचारावी

जत्रेतला भूतबंगला म्हणजे ताडपत्री, काळं कापड, एक सायरन, रबरी मुखवटा घातलेला पोरगा आणि अंधारात तोंडाला लागणारे ओले सुतळीचे दोरे. त्या दोऱ्यांनी जेवढी किंकाळी निघते, तेवढी मुखवट्यानं निघत नाही. स्वस्तातलं काम आहे, पण करणाऱ्याला माणसाची नस कळलेली असते.

मला भीती वाटते ती भुतापेक्षा कापडाची आणि वायरीची. ११ मे १९८४ ला अमेरिकेत न्यू जर्सीतल्या सिक्स फ्लॅग्ज पार्कातल्या 'हॉन्टेड कासल'ला आग लागली आणि आठ तरुण मुलं आत गेली ती परत आलीच नाहीत. प्लायवूड, फोम, अंधार आणि आग विझवणारे फवारे नाहीत. आपल्याकडं २५ मे २०२४ ला राजकोटच्या टीआरपी गेम झोनला आग लागली. सुट्टीचा शनिवार, आत लहान मुलं. २७ जीव गेले. दोन्हीकडं करमणुकीच्या जागेतून वेळेत बाहेर पडता आलं नाही.

म्हणून मी तंबूच्या मागच्या बाजूला जाऊन येतो. मागून कापड उचलून बाहेर पडता येतं का? जनरेटर आणि डिझेलचे कॅन किती लांब आहेत? वायरीचे जोड उघडे आहेत की टेप मारलेले? दाराशी वाळूची बादली आहे का? हे बघायला पाच मिनिटं लागतात. एका भूतबंगल्याच्या मालकानं मला "तुम्ही बांधकाम खात्याचे का?" असं विचारलं आणि लगोलग चहा सांगितला. चहा घेतला, पण कॅन हलवायला लावले.

८. बोलणारं मुंडकं बघावं, पण तिथं उलगडून सांगू नये

टेबलावर परातीत एका मुलीचं मुंडकं, धड नाही, आणि ती आपलं नाव-गाव विचारते. टेबलाखाली आरपार मागचा पडदा दिसतो. खरं तर टेबलाच्या पायांच्या मधे पंचेचाळीस अंशांत दोन आरसे लावलेले असतात आणि त्यांत दिसतो तो बाजूचा पडदा. मुलगी आरशांमागं बसलेली असते. स्टोडेअर नावाच्या जादूगारानं हा खेळ १८६५ मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये केला होता. आजही तो आपल्या जत्रांत तिकीट खातो.

सातवीतला एक पोरगा माझ्या कानाशी लागला, "सर, तिथं धूळ हवेत लटकायली बघा." खरंच, आरशाच्या खालच्या कडेला धुळीची रेघ आणि बोटांचे दोन ठसे होते. मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. वर्गात गेल्यावर त्यानं फळ्यावर आकृती काढून सगळ्यांना समजावलं, अगदी बरोबर. पण तिथं ओरडला असता, तर त्या मुलीचा संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत मान ताठ ठेवून केलेला रोजगार बुडाला असता. दोन खेळांच्या मधे ती परातीतूनच पाणी मागत होती.

९. मौत का कुआँ

फळ्यांच्या विहिरीत गाडी चालवणाऱ्यापेक्षा वर कठड्याला रेलून बघणाऱ्यांचा घोर मला जास्त वाटतो. त्याची गाडी तो सांभाळतो, कठड्यावरची गर्दी कुणीच मोजत नाही. जिन्याजवळ उभं राहावं, पोराला कठड्यावर बसवू नये आणि नोट धरून हात आत लांब करू नये.

१०. भोपळे कशाला? आपल्याकडं चकवा आहे

कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्मनं १९७३ पासून ऑक्टोबरात हॅलोविनचा भुताटकीचा हंगाम सुरू केला. ऑर्लँडोच्या युनिव्हर्सलनं १९९१ पासून. आता पुण्या-मुंबईच्या मॉलमध्येही कोरलेले भोपळे आणि हाडांचे सापळे लटकतात. धंदा म्हणून करावं, माझं काही म्हणणं नाही. पण ज्या मुलखात पिंपळावर मुंज्या, विहिरीवर हडळ, शिवेवर वेताळ आणि पडक्या गढीत खवीस राहतो, तिथं भूत बाहेरून मागवायची वेळ का यावी? २०२४ च्या जूनमध्ये 'मुंज्या' हा हिंदी सिनेमा आला, तेव्हा आमची पोरं तीन-तीनदा बघून आली. आणि चकवा तर जसाच्या तसा खेळ आहे. रात्री शिवारात माणूस फिरत राहतो आणि पुन्हा त्याच बांधावर येतो. त्याचा भूलभुलैया कुणी मराठी पार्कवाल्यानं बांधला, तर पहिलं तिकीट मी काढीन. बाहेर पडायच्या दोन वाटा ठेवल्या असतील तर.

११. रडणाऱ्या पोराला बसवू नये

"भेतो कामून? बस!" म्हणून रडतं पोर डोलीत कोंबणारे बाप दर जत्रेत दिसतात. वर गेल्यावर ते उभं राहायला बघतं, धोका तिथंच असतो. ज्याला बसायचं नाही त्याला गोडीशेव घेऊन द्यावी.

आता एक मागणं. तुमच्या गावच्या जत्रा समितीत किंवा ग्रामपंचायतीत तुम्ही असाल, तर पाळणेवाल्याकडून जागेचं भाडं घेताना तपासणीचा दाखला आणि परवानगीचा कागदही मागा. तो तिकिटाच्या खिडकीवर, लोकांना वाचता येईल असा चिकटवायला लावा. आणि रात्री पाऊस झाला असेल, तर सकाळी पहिलं तिकीट फाटण्याआधी स्वतः जाऊन चारही पायांखालचे ठोकळे बघा.