केस उजळताना काय घडते?

लग्नसराईच्या दिवसांत एखाद्या पार्लरमध्ये डोकावलात, तर भिंतीवरचे दरपत्रक वाचा. ‘संपूर्ण केस ब्लीच’, ‘फॉइल हायलाइट्स’, ‘बालयाज’ अशी नावे आणि प्रत्येकापुढे वेगळा दर दिसेल. नावे निराळी, तेव्हा आतली रासायनिक क्रियाही निराळी असेल असे तुम्हांला वाटेल. वस्तुतः तिन्हींत क्रिया एकच असते. मग फरक कशात आहे? हे समजण्यासाठी प्रथम केसाची रचना पाहू.

केसाची रचना

त्वचेबाहेर दिसणारा केस निर्जीव असतो. तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. छपरावर कौले रचावीत तसे सूक्ष्म पारदर्शक खवले एकावर एक बसून त्याचे बाहेरचे आवरण तयार होते. आवरणाच्या आत केसाचा मुख्य भाग असतो. केसाला बळकटी देणारे तंतू आणि मेलॅनिन या रंगद्रव्याचे कण तेथेच असतात. मेलॅनिन दोन प्रकारचे : एक काळपट-तपकिरी, दुसरे तांबूस-पिवळे. काळ्या केसांत पहिल्याचे प्रमाण फार मोठे असते.

रंग कसा उतरतो?

केस उजळण्याच्या मिश्रणात मुख्य पदार्थ हायड्रोजन पेरॉक्साइड. १८१८ साली तेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने तो शोधून काढला. त्याच्या जोडीला अमोनियासारखा अल्कधर्मी पदार्थ आणि परसल्फेटची पूड असते. अल्कधर्मी पदार्थामुळे केस फुगतो, खवले उचलले जातात आणि पेरॉक्साइड आत शिरते. तेथे ते मेलॅनिनचे ऑक्सिडीकरण करते आणि रंगद्रव्याचे रेणू मोडतात.

काळपट मेलॅनिन आधी मोडते, तांबूस अधिक चिवट असते. म्हणून काळा केस एकदम सोनेरी होत नाही. तो आधी तपकिरी, मग तांबडा, नारिंगी आणि शेवटी पिवळा होतो.

परंतु ऑक्सिडीकरण मेलॅनिनपाशीच थांबत नाही. केराटिनच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधणारे गंधकाचे बंधही तुटतात. केस निर्जीव असल्यामुळे ही हानी आपोआप भरून येत नाही. कंडिशनरने केस मऊ लागतो, पण ऑक्सिडीकरण झालेले बंध पूर्ववत होत नाहीत. केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ३० सेंटिमीटर लांब केस पूर्णपणे नवा यायला सुमारे अडीच वर्षे लागतील!

‘२० व्हॉल्यूम’ म्हणजे काय?

पेरॉक्साइडच्या बाटलीवर हा आकडा असतो. १ लिटर द्रावणातून प्रमाण तापमानाला व दाबाला जितके लिटर ऑक्सिजन निघतो, तितके ‘व्हॉल्यूम’. ६८ ग्रॅम पेरॉक्साइडपासून २२·४ लिटर ऑक्सिजन मिळतो. ६ टक्के द्रावणाच्या १ लिटरमध्ये सुमारे ६० ग्रॅम पेरॉक्साइड असते. त्रैराशिक मांडा : उत्तर १९·८, म्हणजे जवळजवळ २० येईल. ४० व्हॉल्यूमचे द्रावण याच्या दुप्पट तीव्र असते. ते काम लवकर करते, पण केसाची आणि त्वचेची हानीही अधिक करते.

तीन पद्धती

संपूर्ण ब्लीचमध्ये सर्व केसांना मुळापर्यंत मिश्रण लावतात. त्यामुळे ते डोक्याच्या त्वचेलाही लागते. शिवाय महिना-दीड महिन्यात काळी मुळे उठून दिसू लागतात.

फॉइल पद्धतीत निवडक बटांना मिश्रण लावून त्या अॅल्युमिनियमच्या पातळ फॉइलमध्ये गुंडाळतात. फॉइलमुळे ओलावा व ऊब टिकून क्रिया जोरात होते. बट चांगली उजळते, मात्र वेळेवर सतत लक्ष ठेवावे लागते.

‘बालयाज’ हा ‘झाडणे’ या अर्थाचा फ्रेंच शब्द. यात ब्रशाने बटांच्या वरच्या पृष्ठभागावर, मुळे सोडून, मिश्रण फिरवतात. बहुधा ते उघडेच ठेवतात. ते वाळू लागले की क्रिया मंदावते, म्हणून केस कमी उजळतो. पण मुळांशी स्पष्ट रेषा नसल्याने पुन्हा पार्लर गाठण्याची घाई नसते.

तेव्हा पद्धत निवडताना नावापेक्षा तीन प्रश्न महत्त्वाचे : किती केसांना मिश्रण लागणार? ते त्वचेच्या किती जवळ येणार? आणि मुळे वाढल्यावर तेच काम किती वेळा करावे लागणार? काळे केस एकाच बैठकीत फिकट सोनेरी करून देण्याचे आश्वासन कोणी दिले, तर ऑक्सिडीकरणाची आठवण ठेवा आणि नकार द्या.

आणखी दोन गोष्टी. केसांना पूर्वी मेंदी किंवा रंग लावला असेल, तर तो आधी सांगा. काही तयार पुड्यांमध्ये धातूंचे क्षार असतात. पेरॉक्साइडशी संयोग होताच केस तापून तुटू शकतात. म्हणून एका बटेवर आधी चाचणी घेणे उत्तम. तसेच परसल्फेटची काहींना अॅलर्जी असते. डोक्याची आग होऊ लागली, तर ‘थोडे सोसायचेच’ असे मानू नका. मिश्रण ताबडतोब भरपूर पाण्याने धुवायला लावा.

सोडवून पाहा

१. १२ टक्के द्रावण किती व्हॉल्यूमचे असेल?

२. पेरॉक्साइडची बाटली गडद रंगाची का असते?

३. उजळलेल्या केसांच्या मुळांशी नवा केस काळाच का उगवतो?