पिना नको, वॅट मोजा!

हॉस्टेलच्या आमच्या खोलीत आम्ही चौघं आणि टेबलाजवळ सॉकेट एकच. म्हणजे एक्स्टेन्शन बोर्ड आलाच. पण त्यावर किती पिना लावायच्या? मी म्हणतो, पिना मोजू नका, वॅट मोजा.

आपला सप्लाय २३० व्होल्ट, साधं सॉकेट ६ अँपिअरचं. २३० × ६ = १३८० वॅट, ही झाली हद्द. आता बेरीज करू. चार लॅपटॉप, प्रत्येकी ६५ वॅट : २६०. चार मोबाइल चार्जर, प्रत्येकी २० : ८०. टेबल फॅन ५०. एकूण ३९० वॅट, म्हणजे जेमतेम १.७ अँपिअर. बोर्ड गच्च भरलेला दिसतो, पण भार कमीच.

उलट पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड एकटाच ६.५ अँपिअर खेचतो!

“मग एमसीबी पडेल की!” असं वाटतं ना? तो १६ अँपिअरचा असेल तर पडणार नाही. तो भिंतीतली वायर सांभाळतो, आपल्या बोर्डाची बारीक वायर नाही. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, १.७ चे ६.५ अँपिअर झाले, की उष्णता जवळजवळ १५ पट. त्यात पिन ढिली असेल तर तिथेच रेझिस्टन्स जास्त, आणि तीच आधी काळी पडते.

म्हणून एवढं पाळा :
१. बोर्डात दुसरा बोर्ड खोचू नका.
२. वायर गादीखाली किंवा गुंडाळून ठेवू नका.
३. रॉड बोर्डावर कधीच नको.
४. पिन गरम लागली, की बटण बंद.

आणि झोपताना बोर्ड बंद करा. रात्री वायर तापली, तर बघायला चौघांपैकी कोणीच जागं नसतं.