बोटांत जीव राहू दे

सोने, काल दिवेलागणीला तू बीडहून आलीस आणि हेल्मेटचा पट्टा तुला सुटेना. बोटं हनुवटीखाली नुसती चाचपडत होती. शेवटी आईनं उठून बक्कल काढलं. तू "काही नाही गं, गारठा आहे" म्हणालीस आणि सरळ चुलीच्या जाळावर हात धरलेस. बोटांची टोकं पांढरीफटक पडली होती. सगळे बसले होते म्हणून तेव्हा मी बोलले नाही. आज जरा जवळ बस. चार दिवस माहेरी आलेय, तेवढ्यात हे बोलून घेऊ दे.

सकाळी सातच्या पाळीला पोचायचं म्हणून तू सहाला नेकनूरहून गाडी काढतेस. डिसेंबरात त्या वेळी अजून अंधार असतो. मांजरसुंब्यापर्यंतचा माळ, मग घाटाचा उतार, पालीजवळ बिंदुसरेचा तलाव आणि मग बीड. ही वाट मलाही पाठ आहे. लोक म्हणतात, बीडला कसली आलीय थंडी, तिथं तर ऊनच ऊन. त्यांनी एकदा उत्तरेचं वारं सुटल्यावर बालाघाटाच्या माथ्यावर पहाटे दुचाकी चालवून बघावी. हवेत 10 अंश असले आणि गाडी 40 च्या वेगानं निघाली, की उघड्या कातडीला ते 6 अंशांसारखं लागतं. त्यात तलावाच्या अंगाला आलीस की अचानक गार पट्टा लागतो, हे तुलाही जाणवलं असेल. रात्रभर गार झालेली हवा जड होते, उतारानं खाली सरकते आणि ओढ्याकाठी, खोलगटात साचून राहते. घाट उतरताना तू त्याच हवेत शिरतेस. आणि नेमकं तिथंच ब्रेक सगळ्यांत जास्त लागतो.

माझंही एकदा असंच झालं होतं, तुला कधी सांगितलं नाही. 2021 च्या दिवाळीत एसटीचा संप सुरू झाला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. आरोग्य उपकेंद्रावर तर रोज पोचायचंच होतं. लसीकरणाच्या दिवशी बाया लेकरं घेऊन बसलेल्या असायच्या. तुझ्या भाऊजींनी मला आठ दिवसांत स्कूटी शिकवली आणि मी केजहून एकटी जायला लागले. जानेवारीतली पहाट होती. वळणावर पुढं उसाची बैलगाडी आली, मागं ना दिवा ना चमकती पट्टी. मला ती दिसली, वेळेवर दिसली. ब्रेक दाबायचं मनात आलं, पण बोटं वळेनात. लाकडाची झाली होती. गाडी उसाच्या वाढ्यांना घासत थांबली. मला खरचटलंसुद्धा नाही, पण रस्त्याच्या कडेला बसून मी कितीतरी वेळ थरथरत होते. 40 च्या वेगानं गाडी एका सेकंदात 11 मीटर पुढं जाते. बोट अर्धा सेकंद उशिरा वळलं तरी साडेपाच मीटर गेले. म्हणून सांगते, हात गार पडणं ही नुसती सोसायची गोष्ट नाही. तुझा ब्रेक तुझ्या बोटांत आहे.

आता हात गार का पडतात ते ऐक, म्हणजे उपाय आपोआप कळतील. अंगाला गारठा लागला की शरीर आधी काळीज, फुप्फुसं, पोट सांभाळतं. त्यासाठी बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळून घेतं आणि ऊब आत ठेवतं. म्हणजे छातीला वारं लागत असेल तर हातात कितीही जाड मोजे घाल, बोटं गारच राहणार. म्हणून सुरुवात हातापासून करायची नाही, छातीपासून करायची. स्वेटर घाल, पण लोकरीतून वारं आरपार जातं. त्यावर पावसाळ्यातला रेनकोट चढव, गळ्यापर्यंत चेन लाव. रेनकोट नसेल त्या दिवशी स्वेटरच्या आत, छातीवर वर्तमानपत्राची जाड घडी ठेव. कागदातून वारं शिरत नाही आणि पोचल्यावर घडी काढून टाकता येते. गळ्याभोवती स्कार्फचे दोन वेढे घे, पण टोकं आत खोच. लोंबती ठेवू नकोस, चाकात जातात.

मग मनगट. मनगटाशी रक्तवाहिन्या कातडीच्या अगदी जवळून जातात, तिथं वारं लागलं की बोटांकडे जाणारं रक्तच गार होतं. तुझ्या बांगड्या मोज्याच्या तोंडाशी अडतात आणि बोटभर मनगट उघडं राहतं. गाडीवर जाताना एकेकच बांगडी ठेव. जुन्या लोकरी पायमोज्याचा पाऊलभाग कापून टाक, वरची नळी मनगटावर चढव. तिच्यावर स्वेटरची बाही आणि बाहीवर हातमोज्याचं तोंड. अंगठी घरी काढून ठेव. गार धातू बोटाला चिकटून राहतो, आणि बोट सुजलं तर तीच आवळते.

आता हातमोजे. तू घालतेस ते पांढरे सुती मोजे सनकोटाबरोबर घेतलेले आहेत, उन्हाचे आहेत. थंडीत ते असून नसल्यासारखे. दवानं ओले झाले तर उघड्या हातापेक्षा वाईट, कारण पाणी हवेपेक्षा कितीतरी पटीनं लवकर ऊब ओढून घेतं. नुसते लोकरीचे मोजेही पुरत नाहीत. वारं शिरतं आणि मूठ गुळगुळीत असेल तर हात सरकतो. बाहेरून वारं अडवणारं कापड किंवा चामडं, आतून लोकरी अस्तर, तळव्याला खरबरीत पकड, असे मोजे बघ. दुकानात घालून बघताना हात सरळ ठेवून बघू नकोस. हँडल धरल्यासारखी मूठ वळ, दोन बोटांनी ब्रेक दाबल्यासारखं कर. बोटांची टोकं आत दाबली जात असतील तर एक माप मोठं घे. मोज्यात थोडी हवा राहिली पाहिजे, कारण ऊब त्या हवेतच धरली जाते. आवळ मोजा रक्तही अडवतो. पण इतका सैलही नको की लिव्हर जाणवणार नाही.

बीडला जाऊन मोजे घेईपर्यंत दोन दिवस जातील. तोवर माझ्या पिशवीतले दवाखान्याचे पातळ रबरी मोजे आत घाल आणि वरून लोकरीचे. अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेला ते चालतात. पोचल्याबरोबर काढ, आत घाम धरतो. मात्र मोज्यावरून प्लॅस्टिकची पिशवी बांधायची नाही. वारं अडतं, हे खरं, पण ब्रेकवरून हात निसटतो.

सगळ्यांत चांगला उपाय आपल्या दूधवाल्यांकडे बघ. हँडलच्या दोन्ही मुठींना ते कव्हर लावतात, आत हात घालून चालवतात. वारं हाताला लागतच नाही, मग साधा मोजाही पुरतो. तयार मिळतात, घरीही शिवता येतात. वरून रेक्झिन, आतून घोंगडीचा तुकडा. पण त्याच्याही चार परीक्षा आहेत. उभ्या गाडीवर दहा वेळा हात आत-बाहेर कर, एकदाही अडकता कामा नये. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघ. एक्सलेटर सोडला की तो आपोआप मागं फिरतो का बघ. आणि कव्हर वाऱ्यानं ब्रेकच्या लिव्हरवर दाबलं जात नाही ना, हे बघ. दाबलं गेलं तर ब्रेक घासत राहतो आणि मागचा लाल दिवा उगाच पेटून राहतो. मागच्या गाडीला मग तू खरंच कधी थांबतेस ते कळत नाही. पुढून कापड कडक असलं की हे होत नाही. लिव्हरचा धातूही ऊब ओढतो. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा त्यावर घट्ट चढव, सरकत नाही ना ते तपास. परदेशात थंडीसाठी तापणाऱ्या मुठी असतात. तशी वायर आपल्या स्कूटीला रस्त्यावरच्या कुणाकडून जोडून घेऊ नकोस, छोट्या बॅटरीला तो भार झेपत नाही.

वाटेत मूठ आवळून धरू नकोस. घाबरलं, गारठलं की आपण हँडल घट्ट धरतो आणि बोटांतलं उरलंसुरलं रक्तही दाबून टाकतो. सैल धर. वेग कमी ठेव, वारंही कमी लागेल. आणि बोटांना मुंग्या यायला लागल्या की मांजरसुंब्याला थांब. घाट उतरायच्या आधी थांब, उतरल्यावर नाही. मोजे काढून हात काखेत धर. मग दोन्ही हात खांद्यापासून गोल फिरव, विहिरीवरच्या रहाटासारखे, वीस-पंचवीस वेळा. त्यानं रक्त बोटांच्या टोकापर्यंत जातं. चहा घे, ग्लास दोन्ही हातांत धरून सावकाश घे. पाच मिनिटं उशीर झाला तर होऊ दे. साहेबांना काय सांगायचं ते मी तुला शिकवते: "थंडीनं हात आखडले होते, म्हणून थांबले." यात लाजण्यासारखं काही नाही.

घरी आल्यावर मात्र कालच्यासारखं जाळावर हात धरायचं नाही. बधिर बोटाला चटका कळत नाही. शेकोटीवर भाजलेली बोटं मी उपकेंद्रावर बांधलीत. खसाखसा चोळायचंही नाही. आधी गोधडीत, मग कोमट पाण्यात. बाळाच्या आंघोळीचं पाणी आपण कोपरानं बघतो ना, तसं बघायचं. मुंग्या येतील, थोडं दुखेल, पण ते रक्त परत येण्याचं दुखणं आहे. मग हात कोरडे करून खोबरेल तेल लाव. मोजे आतून उलटे करून वाळत घाल, सकाळी दमट घालू नकोस.

आणि एक गोष्ट नर्स म्हणून विचारते, खरं सांग. बोटं आधी पांढरी, मग निळसर, मग लाल होऊन ठणकतात का? गाडीवर नसतानाही, गार पाण्यात भांडी घासताना असं होतं का? होत असेल तर डॉक्टरांना दाखवायचं. त्याला रेनॉचा त्रास म्हणतात आणि तो बायकांत जास्त दिसतो. थंडीत बोटं सुजून, लाल होऊन खाजत असतील तरी दाखव. आणि रक्त तपासून घे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वर्षांच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. अंगात रक्तच कमी असलं की थंडी जास्त वाजते, हातपाय गार राहतात. थायरॉईड कमी पडलं तरी तसंच होतं. या गोष्टी मोज्यानं बऱ्या होत नाहीत. आणि मिश्रीच्या वाटेला जाऊ नकोस. तंबाखूनं बोटांतल्या रक्तवाहिन्या आणखी आवळतात.

मला ठाऊक आहे, तू मोजे का घेतले नाहीस. पहिल्या पगारात दादाला जर्किन आणलंस, बापूंना कानटोपी, आईला शाल. स्वतःसाठी पुढच्या महिन्यात बघू म्हणालीस. आपल्या घरात बायका असंच करत आल्या. आईचंच बघ. दिवाळी झाली की टोळी ऊसतोडीला निघायची, आणि पहाटे चारला ती फडात उभी असायची. दवानं भिजलेलं पाचट, हातात गार कोयता. ती बोटांना चिंध्या गुंडाळायची. चिंध्या ओल्या झाल्या की कोयता निसटायचा, म्हणून त्याही काढून टाकायची. उचल आधीच खर्चून गेलेली, मोज्यांना पैसे मागणार कुणाला? मी कोपीत तुला मांडीवर घेऊन बसायचे. ती दुपारी यायची तेव्हा तिच्या हातांच्या भेगांत रक्त वाळलेलं असायचं. त्या हातांनी आपल्याला शिकवलं. ती सोसत आली म्हणून आपणही सोसायचं, असा याचा अर्थ काढू नकोस. तिच्याजवळ दुसरा मार्ग नव्हता. तुझ्याजवळ आहे, आणि तो तिनेच दिलाय.

मघाशी तू आंघोळीला गेलीस तेव्हा ती मला विचारत होती, दूधवाल्याच्या गाडीला असतं ते कव्हर कसं शिवतात. आता बघ, पडवीत बसलीय, ट्रंकेतली जुनी रेक्झिनची पिशवी उसवतेय, घोंगडीचा तुकडाही काढलाय. तिला मुठीचं माप हवंय. जा, गाडी अंगणात आण.