घटक ४ : वार्धक्याची रंगभूषा – स्वतःच्या चेहऱ्यावर

४.१ उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
• संहितेतील वयदर्शक शब्दांवरून रंगभूषेची दिशा ठरवता येईल.
• स्वतःच्या चेहऱ्यावर वार्धक्याची रंगभूषा करण्याचे टप्पे सांगता येतील.
• स्वाभाविक वार्धक्य आणि वार्धक्याचे विडंबन यांतील भेद स्पष्ट करता येईल.

४.२ प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, वि. वा. शिरवाडकर यांच्या ‘नटसम्राट’ या नाटकाचा पहिला प्रयोग डिसेंबर १९७० मध्ये झाला. वृद्ध अप्पासाहेब बेलवलकरांची भूमिका करणारे डॉ. श्रीराम लागू तेव्हा ४३ वर्षांचे होते. नट आणि पात्र यांच्या वयांतील असे अंतर मुख्यतः अभिनयाने भरून निघते; रंगभूषा त्याला साहाय्य करते. हौशी रंगमंचावर हे काम पुष्कळदा नटाला स्वतःच करावे लागते. म्हणून त्यामागील तत्त्व समजून घेऊ.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ संहितेचे वाचन
‘प्रौढ’, ‘वृद्ध’ आणि ‘जराजर्जर’ हे तीन शब्द समानार्थी नाहीत. पहिल्यात कानशिलांवरचे पांढरे केस पुरतात. दुसऱ्यात त्वचेची सैल घडी दिसावी लागते. तिसऱ्यात गाल आणि डोळे खोल गेलेले असतात. शिवाय उन्हात राबलेल्या शेतकऱ्याचे म्हातारपण आणि कचेरीतून निवृत्त झालेल्या कारकुनाचे म्हातारपण एकसारखे नसते. म्हणून ब्रश हाती घेण्यापूर्वी पात्राचे वय, व्यवसाय व प्रकृती यांची नोंद करावी.

४.३.२ स्वतःच्या चेहऱ्याचा शोध
सुरकुत्या कल्पनेने काढायच्या नसतात; त्या शोधायच्या असतात. दोन्ही बाजूंनी सारखा प्रकाश असलेल्या आरशासमोर बसा. कपाळ आक्रसा, डोळे बारीक करा, हसा, हनुवटी मागे ओढा. जिथे घडी पडते, तिथेच पुढे आपली खरी सुरकुती येणार असते. आपले उद्याचे रूप असे अवचित समोर आले की मन क्षणभर दचकते. ती जाणीव भूमिकेसाठी जपून ठेवा.

४.३.३ छाया आणि उजळपणा
प्रथम आपल्या वर्णापेक्षा किंचित निस्तेज असा बेस चेहरा, कान व मानेवर सारखा पसरावा. नंतर कानशिले, डोळ्यांच्या खोबणी व गालफडांच्या हाडांखाली तपकिरी छाया द्यावी आणि हाडांचे उंचवटे उजळ करावेत.

नाकपुडीपासून ओठांच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी विशेष महत्त्वाची आहे. तिची गालाकडील कड स्पष्ट ठेवावी, ओठांकडील कड बोटाने विरवून टाकावी आणि घडीलगतच्या गालाच्या फुगवट्यावर उजळ रंगाची रेघ द्यावी. केवळ काळी रेघ ओढली, तर प्रेक्षकांना सुरकुती न दिसता मळाचा डाग दिसतो. सुरकुती म्हणजे रेषा नव्हे. ती उंचवटा आणि खळगा यांची जोडी असते.

ओठांच्या कडा बेसने झाकल्या की ओठ पातळ दिसतात. भुवया व कानशिलांवरचे केस थोडे पांढरे करावेत. शेवटी पावडर न घासता दाबून लावावी. हातांचा विसर पडू देऊ नये. वृद्ध चेहऱ्याखाली तरुण हात दिसले की भ्रम तुटतो.

४.३.४ पडताळणी व दक्षता
आरशापासून दूर जाऊन, शक्यतो रंगमंचाच्या प्रकाशात, चेहरा पाहावा. जवळून ठळक वाटणारी छाया शेवटच्या रांगेतून सौम्य दिसते. छोट्या सभागृहात मात्र तीच भडक ठरते. नवे प्रसाधन आदल्या दिवशी हाताच्या आतील बाजूस लावून पाहावे. प्रयोगानंतर कोल्ड क्रीम किंवा खोबरेल तेलाने रंग हलकेच काढावा.

४.४ सारांश
अतिरंजित रंगभूषा पात्राला हास्यास्पद करते आणि त्या वयाच्या प्रेक्षकाला दुखावते. आपल्याच चेहऱ्यातील घड्यांना आधार मानणारी रंगभूषा मात्र पात्राची प्रतिष्ठा राखते. ती पाहून प्रेक्षकाला रंग आठवू नये. घरातले कोणीतरी आठवावे.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. ‘सुरकुती म्हणजे उंचवटा आणि खळगा यांची जोडी’ हे विधान सोदाहरण स्पष्ट करा.
२. आपण वाचलेल्या एखाद्या नाटकातील वृद्ध पात्र निवडा. संहितेतील कोणते शब्द त्याची रंगभूषा सुचवतात, ते लिहा.
३. उपक्रम : घरातील ज्येष्ठ व्यक्तीच्या परवानगीने तिच्या चेहऱ्याचे निरीक्षण करून दहा ओळींत वर्णन लिहा.