पारावरचे अर्थशास्त्र

अर्थशास्त्राच्या तासाला आम्ही 'कॉबवेब' म्हणजे कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धांत शिकलो. १९३४ साली कॅल्डॉर यांनी त्याला हे नाव दिले. शेतकरी आजचा भाव पाहून लागवड करतो. माल मात्र काही महिन्यांनी बाजारात येतो. भाव चढला की सगळेच लावतात, आवक वाढते आणि भाव कोसळतो. मग लागवड घटते, भाव पुन्हा चढतो.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो, तर पारावर हाच विषय. उन्हाळ कांद्याचे रोप टाकायचे होते. नाना म्हणाले, "भाव आहे, लावा." वडील म्हणाले, "समद्यांनीच लावला म्हंजे?" कॅल्डॉर त्यांना ठाऊक नाही, सिद्धांत ठाऊक आहे!

मी उत्साहाने आकृती काढून दाखवली. नानांनी विचारले, "ह्या जाळ्यात सरकार कुठं बसलंय?"

मी निरुत्तर झालो. खरीप कांदा बाजारात येत असतानाच ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातबंदी आली. ४ मे २०२४ ला ती उठली, पण ४० टक्के शुल्क राहिले. पुढे ते २० टक्के झाले आणि १ एप्रिल २०२५ ला संपले. पेरणी आणि काढणीच्या मध्येच नियम बदलला, तर अंदाज बांधायचा कशावर? कांदा चाळीत ठेवून थांबावे म्हटले, तर उधारी थांबत नाही.

अखेर वडिलांनी दोनऐवजी एकच एकर लावायचे ठरवले. माझी फी त्यातूनच जायची आहे. म्हणून, मित्रहो, हा सिद्धांत मला परीक्षेपुरता पाठ करून चालणार नाही.

— द्वितीय वर्ष, बी. ए.