सोवळ्यातलं डाएट

सोमवारपासून सुरू करू नकोस. पाडव्यापासून नको, एक तारखेपासूनही नको. आज रात्रीचं जेवण अजून व्हायचंय ना? मग तिथूनच कर सुरू. मुहूर्त काढला की माणूस आदल्या दिवशी ‘उद्यापासून बंदच’ म्हणून दोन दिवसांचं एकदम जेवून घेतो. मुहूर्ताला एकदा बट्टा लागला की पुढच्या मुहूर्ताची वाट बघत बसतो. रुग्णालयाच्या आहार विभागात नोकरी झाली माझी. समोर येऊन बसणाऱ्या बायकांपैकी जिच्या हातात सगळ्यात सुबक वही असायची, रंगीत पेनांनी रकाने आखलेली, तिचीच मला जास्त काळजी वाटायची. पहिले दहा-बारा दिवस काठोकाठ भरलेले असायचे, मग घरात कुणाचं तरी डोहाळजेवण, आणि पुढची पानं कोरी.

तुझं डाएट मला माझ्या आजीच्या सोवळ्यासारखं दिसतं. ती सोवळं नेसून स्वयंपाक करत असताना कुणाचा चुकून पदर लागला की सगळं ओवळं, पुन्हा आंघोळ, पुन्हा पहिल्यापासून. तू ऑफिसात कुणाच्या वाढदिवसाचा केक खाल्लास की तुझ्या लेखी तो दिवस बाटला. मग ‘आता गेलंच आहे’ म्हणत संध्याकाळी वडापाव, रात्री मागवलेली बिर्याणी, शनिवार-रविवारही तसेच, आणि शुद्धीकरण सोमवारी. केकचा तुकडा फार तर तीनशे कॅलरींचा होता. त्याच्या मागून जे पोटात गेलं त्याचा हिशेब मांड, म्हणजे केकवर उगाच आळ घेतला होता हे कळेल.

तुझ्या एकटीचंच असं होतं असं समजू नकोस. 1975 साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक या मानसशास्त्रज्ञांनी हे प्रयोगात पाहिलं होतं. काही जणींना आधी मिल्कशेक प्यायला दिला, नंतर सगळ्यांपुढे आइस्क्रीम ठेवलं आणि सांगितलं, चव बघा, हवं तेवढं खा. एरवी खाण्यावर फारसं बंधन न घालणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. साहजिकच आहे, पोटात जागा कमी होती. खाण्यावर कायम लगाम ठेवणाऱ्यांनी मात्र मिल्कशेक पोटात गेल्यावर जास्तच खाल्लं. नियम मोडलाच आहे, तर मग कशाला राखायचं!

म्हणून माझं पहिलं सांगणं एवढंच, की पुढचं जेवण नेहमीचं. केक खाल्लास, बरं झालं, रात्री पोळी, मटकीची उसळ, कोशिंबीर आणि ताक. प्रायश्चित्त म्हणून रात्री नुसतं काकडीवर राहायचं नाही. ते अकरा वाजेपर्यंत टिकतं, मग स्वयंपाकघरात अंधारात बिस्किटांचा डबा उघडल्याचा आवाज येतो. उपाशी राहून भरपाई करायची नाही आणि सकाळी दुप्पट धावूनही करायची नाही. झालं ते झालं म्हणून जेवायला बस, एवढं जमलं तरी अर्धं काम झालं म्हणेन मी.

दुसरं तुझ्या त्या वजनकाट्याचं. रविवारी लग्नाला जाऊन आलीस आणि सोमवारी काट्यानं दीड किलो जास्त दाखवलं म्हणून रडकुंडीला आलीस. जरा गणित कर. किलोभर चरबी अंगावर चढायला ढोबळमानाने 7,700 कॅलरी जास्तीच्या लागतात. दीड किलोला साडेअकरा हजार झाल्या. कितीही आग्रह झाला तरी एका पंगतीत एवढं कुणी जेवत नाही. मग ते दीड किलो कुठून आलं? पापड, लोणचं, मठ्ठा, भजी या सगळ्यातलं मीठ पाणी धरून ठेवतं. भात-जिलबीतली साखर ग्लायकोजेन होऊन यकृतात आणि स्नायूंत साठते, आणि तीसुद्धा आपल्या वजनाच्या तिपटीएवढं पाणी सोबत बाळगते. शिवाय जेवलेलं अजून पोटातच असतं. तीन-चार दिवस नेहमीसारखं खाल्लं की हे सगळं निघून जातं. पाळीच्या आधीही काटा असाच चढतो. उलटही खरं आहे हं. डाएटच्या पहिल्या आठवड्यात झरझर उतरलेले दोन किलो म्हणजे बरंचसं पाणीच असतं, तेव्हा पेढे वाटायची घाई नको.

काट्यावर उभं राहायचंच असेल तर सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, काटा रोज त्याच फरशीवर ठेवून. आकडा कालनिर्णयच्या चौकटीत लिही, दुधाच्या हिशेबाशेजारी. कालच्या आकड्याशी तुलना करू नकोस. महिन्याचं पान उलटताना मागच्या पानाशी कर. आणि आकड्यानं सगळा दिवस नासत असेल तर काटा माळ्यावर टाक आणि कंबर मोजायची टेप घे. आपल्याकडच्या बायकांना कंबर 80 सेंटिमीटरच्या आत असावी असं सांगतात. ते वजनापेक्षा जास्त मनावर घेण्यासारखं आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. उंचीच्या मानाने वजन म्हणजे बीएमआय दोघांचा अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि आपल्या डॉक्टरांची 21.2 टक्के. काट्यावर दोघेही सडपातळच की!

आता तुझं ते ध्येय. लग्नाच्या वेळचं वजन. का? त्या वेळी तू तेवीस वर्षांची होतीस आणि लग्नाच्या धावपळीत जेवणाचं भान नव्हतं, म्हणून? आपल्या घरात साखर आहे, तुझ्या आईलाही आणि मलाही, तेव्हा मी तुला दुसरा आकडा देते. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या तीन हजारांवर लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, 2002 साली त्याचे निष्कर्ष आले. त्यातल्या एका गटाला सांगितलं होतं, वजनातलं सात टक्के कमी करा आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चाला. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण, नुसती बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत, 58 टक्क्यांनी कमी निघालं. हे सगळे सांगतात. पुढचं कुणी सांगत नाही. सहा महिन्यांच्या शिकवणीनंतर सात टक्क्यांचं ध्येय गाठलेले लोक होते निम्मेच, आणि शेवटच्या तपासणीपर्यंत तेही 38 टक्क्यांवर आले. म्हणजे एवढा मोठा फायदा ज्या गटाचा झाला, त्यातले बरेचसे लोक तुझ्या हिशेबाने नापास होते. तुझ्या सत्त्याहत्तर किलोचे सात टक्के म्हणजे साडेपाच किलोही नाहीत. वर्षभरात त्यातले चार गेले तरी मी म्हणेन, छान चाललंय.

कोणतं डाएट, हे मला विचारूच नकोस. डॉ. दीक्षितांचं दिवसातून दोनच वेळा जेवायचं की दिवेकरांचं दर दोन तासांनी थोडं खायचं, यावरून आपल्या लग्नसमारंभांत राजकारणापेक्षा जास्त भांडणं झाली आहेत. 2005 साली बॉस्टनमध्ये 160 जणांना चार गटांत चार वेगवेगळे आहार देऊन वर्षभर पाहिलं, तेव्हा आहार कोणता यापेक्षा तो किती धरून ठेवला याच्याशी उतरलेल्या वजनाचा जास्त संबंध दिसला. तुझ्या घरात, तुझ्या सासूबाईंच्या स्वयंपाकात, हिंजवडीच्या बसच्या वेळात जे बसेल ते घे. आणि घेतलंस ते निदान तीन महिने बदलू नकोस. दर पंधरा दिवसांनी नवीन, आणखी शुद्ध डाएट शोधणं हाही सोवळ्याचाच प्रकार.

आणि ती काकडी काट्यावर ठेवून मोजायची बंद कर. बघून हसू आवरेना मला. मोजायचं तर दोनच गोष्टी मोज, तेल आणि दाण्याचं कूट. कढईत बुधल्यातून धार धरतेस ती सोड आणि चमच्यानं घाल. पंधरा मिलीचा मोठा चमचा म्हणजे 120 कॅलरी. हात जरा सैल सुटला तर पोह्यांच्या फोडणीत असे दोन चमचे जास्तीचे सहज जातात, आणि पोहे कुणाला तेलकटही लागत नाहीत. कुटाचंही तेच. शंभर ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी. कोशिंबिरीत मूठभर, भाजीत मूठभर, उपासाच्या खिचडीत तर विचारूच नकोस, एकादशी अन् दुप्पट खाशी ते काय उगाच? या दोन गोष्टी हातात आल्या की बाकीचं अंदाजानं चालतं. आणखी एक, ओट्याशी उभं राहून खायचं नाही. पोरानं टाकलेली अर्धी पोळी, पातेल्यातला तळाचा भात, ‘टाकवत नाही’ म्हणून तोंडात गेलेलं बायका कधीच वहीत लिहीत नाहीत. उरलेलं झाक, सकाळी बघू.

पंगतीत ‘डाएट आहे’ हे शब्द काढू नकोस. ते ऐकलं की चार जणींना चेव चढतो, ‘एवढ्याने काय होतंय’ सुरू होतं. वाढायला आले की पहिल्यांदाच अर्धी जिलबी मागून घे आणि वाटीत दोन घास राहू दे. रिकाम्या वाटीत वाढतातच. गणपतीत मोदक खा, बसून, तूप घालून, जेवणातच धरून. त्या दिवशी भात कमी. दिवाळीत फराळ नाश्त्याच्या जागी घे, येता-जाता डब्यात हात नको. आणि श्रावण ते दिवाळी या दिवसांत वजन उतरवायचा हट्टच धरू नकोस. आहे तिथे राहिलं तरी पुष्कळ.

तुझी खरी अडचण वाईट दिवसांची आहे हे मला माहीत आहे. चांगल्या दिवशी तू तासभर व्यायाम करतेस. पण बस उशिरा आली, पोराला ताप आला, ऑफिसातला रिलीज लांबला, की तास मिळत नाही, आणि तास मिळत नाही म्हणून काहीच होत नाही. त्या दिवसांसाठी सगळ्यात छोटं काम आधीच ठरवून ठेव. माझ्या मते रात्री जेवल्यावर दहा मिनिटं शतपावली, गच्चीवर नाहीतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये, चपला घालून, फोन घरी ठेवून. पाऊस असेल तर हॉल ते गॅलरी. मनगटावरच्या त्या घड्याळानं दहा हजार पावलं झाली नाहीत म्हणून तुला नापास केलं तरी करू दे. दहा हजारांचा आकडा मुळात 1965 साली एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं तिथून आला आहे, कुठल्या प्रयोगशाळेतून नाही.

शतपावली झाली की कालनिर्णयवर एक टिंब काढ. झाली नाही तर चौकट रिकामी राहू दे, लाल फुली मारायची नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2010 साली सवयी कशा लागतात हे तपासलं. कुणाला अठरा दिवस पुरले, कुणाला अडीचशेच्या वर लागतील असा अंदाज निघाला, पण मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून कुणाची सवय मोडली असं दिसलं नाही. पाठोपाठ दुसरा दिवस मात्र चुकू देऊ नकोस, हे माझं पदरचं.

थोडं दटावूनही सांगते. महिनोन्‌महिने नीट खाऊनही काही हलत नसेल तर थायरॉइड आणि पीसीओडीची तपासणी करून घे, स्वतःला दोष देत बसू नकोस. आणि खाल्लेलं बोटं घालून काढावंसं वाटलं, लपवून खायची वेळ आली, दोन-दोन दिवस जेवण टाळलं जायला लागलं, तर तो डाएटचा प्रश्न उरलेला नाही. सरळ डॉक्टरांकडे जायचं, मला फोन करायचा, कुणी काय म्हणेल ते मी बघते.

राहिलं मार्गशीर्षातल्या लग्नाचं. ती हिरवी पैठणी ‘बारीक झाल्यावर नेसीन’ म्हणून तीन लग्नं कपाटात पडून आहे, घडीवर चिरायला लागेल. जुन्या ब्लाउजची शिवण तपास, आत माया असेल तर उसवून सैल करून मिळेल. नसेल तर आजच्या मापाचं नवीन शिवायला टाक आणि दोन्ही बाजूंना चांगली बोटभर माया सोडायला सांग. तोवर कमी झालीस तर शिंपी दहा मिनिटांत टीप मारून देतो. दिवाळीनंतर त्याच्याकडे गर्दी असते, तेव्हा या आठवड्यातच जा.